पाटाच्या पाण्यातली शाळा

वार्षिक परीक्षा संपली की आपल्या इंदूरच्या मुलांची पावले पाण्याकडे वळतात. कुणी महेश्वरास नर्मदेच्या घाटावर जातो, कुणी ओंकारेश्वरास, तर कुणी आजोळच्या मळ्यातील विहिरीवर. पाठीस पत्र्याचा रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून नवशिक्यास पाण्यात सोडतात. आमच्याकडे समुद्रकाठी सुक्या नारळांची जोडी बांधीत. साधन कोणतेही असो, काठावर एखादा मामा किंवा काका उभा असतो आणि तो स्वतः पट्टीचा पोहणारा असतो. ज्यास येते त्याने ज्यास येत नाही त्यास शिकवावे, हा जगाचा रिवाजच आहे. म्हणूनच पुढील हकीकत प्रथम ऐकताना खरी वाटत नाही. सोइची साकामोटो नावाचे एक शाळामास्तर होऊन गेले. त्यांना स्वतःला जेमतेम पोहता येत होते. आरंभी त्यांच्याजवळ ना तलाव होता, ना पैसा. उसाच्या मळ्यातून वाहणाऱ्या पाटाच्या गढूळ पाण्यात त्यांनी मजुरांच्या मुलांस पोहावयास शिकविले, आणि त्या मुलांनी लागोपाठ तीन वर्षे सबंध अमेरिकेतील नामांकित पोहणाऱ्यांस मागे टाकले.

ही गोष्ट आहे हवाई बेटांतली. नकाशात पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर पाहिले, तर मोत्यांची माळ तुटून पडावी तशी काही बेटे दिसतात. त्यांपैकी एकाचे नाव माउई. या बेटाच्या एका अंगास हालेआकाला नावाचा दहा हजार फूट उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे, दुसऱ्या अंगास डोंगरांची दुसरी रांग, आणि दोहोंच्या मध्ये कोरडे, वाऱ्याने भणभणणारे तांबूस मातीचे मैदान. पाऊस पडतो तो पर्वताच्या पूर्व उतारावर. मैदानास त्याचा लाभ नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात गोऱ्या मळेवाल्यांच्या ध्यानात आले की, डोंगरापलीकडचे पाणी येथवर आणता आले तर या मातीत सोने पिकेल. त्यांनी डोंगर फोडून मैलोगणती पाट खोदले, पाणी आणले आणि मैदानभर ऊस लावला. ऊस किती पाणी पितो, हे आपल्याकडील बागायतदारास सांगावयास नकोच.

पाणी आले, पण तोडणीस माणसे हवी होती. ती चीनमधून आली, पोर्तुगालकडून आली, फिलिपाइन्समधून आली, आणि १८८५ पासून फार मोठ्या संख्येने जपानमधून आली. कराराने बांधलेले, थोड्या मजुरीवर राबणारे हे लोक. आपल्या कोकणातील कितीतरी कुटुंबे अशाच उसापायी मॉरिशसला गेली आणि तिकडचीच होऊन राहिली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात. साता समुद्रांपलीकडचे साकामोटो आम्हां समुद्रकाठच्या माणसांस परके वाटत नाहीत, त्याचे कारण हेच. घर सोडून परमुलुखात ऊस तोडणाऱ्यांचे दुःख कोणत्याही भाषेत एकच असते.

सोइची यांचा जन्म माउई बेटावरच १९०६ साली एका जपानी स्थलांतरित कुटुंबात झाला. हवाई बेटे त्यापूर्वीच, १८९८ मध्ये, अमेरिकेने आपल्या राज्यास जोडली होती. त्यामुळे तेथे जन्मलेले मूल जन्मतःच अमेरिकेचे नागरिक ठरे. आईबापांना मात्र, ते जपानी म्हणून, नागरिकत्व मिळत नसे. एकाच छपराखाली राहणारी दोन पिढ्यांची माणसे कायद्याच्या लेखी दोन निरनिराळ्या देशांची होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा हिशेब चुकता करावा लागणार होता.

सोइची शिकले, शिक्षक झाले आणि पुउनेने या गावच्या शाळेत रुजू झाले. पुउनेने म्हणजे साखर कारखान्याचे गाव. मधोमध धुराडे, भोवती मजुरांच्या वसाहती. जपानी मजुरांची वसाहत निराळी, फिलिपिनो मजुरांची निराळी. साहेबलोकांचे बंगले तर त्याहून निराळे. मजुरांची मुले शाळा सुटली की उन्हात भटकत. मैदानात सावली नाही, समुद्र हाताशी नाही. गार काय ते एक पाटाचे पाणी. तेव्हा ही मुले अंगावरचे कपडे काठावर टाकून पाटात उड्या मारीत. मळ्याचे पहारेकरी येत, ओरडत, पाठलाग करीत. मुले पळत, आणि पहारेकऱ्याची पाठ वळली की पुन्हा पाण्यात. साकामोटो मास्तर हा प्रकार पाहात होते. मुलांना पाण्यापासून तोडणे त्यांच्या जिवावर आले, आणि वाहत्या पाण्यात कुणी बुडून मेला तर, ही भीतीही मनात होतीच. ते मळ्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि मुलांवर आपण स्वतः देखरेख ठेवू, जबाबदारी आपली, असे सांगून त्यांनी परवानगी मिळविली. पगारात एक पैचीही वाढ नाही, कुणाचा हुकूम नाही. शाळा सुटल्यावरचे तास त्यांनी आपण होऊन पाटाच्या काठी बांधून टाकले.

वास्तविक येथेच ही गोष्ट संपावयास हरकत नव्हती. मुले बुडू नयेत एवढेच काम होते. परंतु खरा शिक्षक नुसता पहारा करू शकत नाही. समोर मूल काही करीत असले की, ते अधिक चांगले कसे होईल, हा किडा त्याच्या डोक्यात वळवळू लागतो. साकामोटो काठावर बसून मुलांकडे निरखून पाहू लागले.

तो पाट सुमारे आठ फूट रुंद आणि चार फूट खोल होता. दोघातिघांनी शेजारी शेजारी पोहावे एवढीच काय ती जागा. पाणी मातकट, आणि डोंगरावरून उतरत असल्यामुळे त्यास ओढ चांगली. मुले ओढीबरोबर मजेने वाहात जात. मास्तरांच्या मनात आले, यांना उलट पोहावयास लावले तर? स्थिर पाण्यात पोहणारा थकला की थांबतो आणि आहे तेथेच तरंगत राहतो. वाहत्या पाण्यात उलट पोहणारा थांबला, तर पाणी त्यास मागे नेते. मिळविलेले सारे क्षणात जाते. हात आळसाने मारला की त्याची शिक्षा लगेच मिळते, त्यासाठी मास्तरांनी रागवावे लागत नाही. तेव्हा त्यांनी ठरावीक अंतरापर्यंत मुलांस प्रवाहाविरुद्ध जोराने पोहावयास लावावयाचे, तेथून प्रवाहाबरोबर अंग सैल सोडून परत येऊ द्यावयाचे, आणि पुन्हा उलट पाठवावयाचे, असा क्रम धरला. जोर, विसावा, पुन्हा जोर, पुन्हा विसावा. पुढे जगातील पोहण्याच्या शिक्षकांनी हीच पद्धत शास्त्र म्हणून स्वीकारली आणि आज मोठमोठ्या तलावांत ती घड्याळ लावून चालते. माउईच्या पाटात ती चालू झाली तेव्हा तिला नावही नव्हते.

मास्तरांना स्वतःला चांगले पोहता येत नव्हते, हे त्यांचे वैगुण्य खरेच. पण मला राहून राहून वाटते की, या वैगुण्याचाच त्यांना उपयोग झाला असावा. ज्याला एखादी विद्या सहज येते तो ती आपल्याला येते तशीच दुसऱ्याने करावी असा हट्ट धरतो. साकामोटोंजवळ हट्ट धरण्याजोगे काही नव्हतेच. त्यांना प्रत्येक मुलाकडे पाहूनच शिकावे लागले: याचा हात पाण्यात कोठे शिरतो, त्याचे पाय केव्हा थकतात, हिचा श्वास का तुटतो. शिकविण्यापूर्वी शिकणे त्यांना सुटले नाही. वर्गात गणित सोडवून दाखविणारा शिक्षक आणि मुलाचे गणित कोठे अडले ते शोधणारा शिक्षक यांत जे अंतर असते, तेच येथे होते.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे वळू. हवाईत पोहण्याची परंपरा जुनी. तेथील ड्यूक काहानामोकू यांनी १९१२ साली स्टॉकहोम येथे आणि १९२० साली अँटवर्प येथे शंभर मीटरची शर्यत जिंकून बेटांचे नाव जगात नेले होते. पुढे १९३२ साली लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये जपानी पोहणाऱ्यांनी कहर केला. पुरुषांच्या सहा शर्यतींपैकी पाच त्यांनी जिंकल्या, आणि पंधराशे मीटरची शर्यत जिंकणारा कुसुओ कितामुरा तर अवघा चौदा वर्षांचा, म्हणजे आपल्या नववीतल्या मुलाएवढा होता. १९३६ साली ठरले की, १९४० चे ऑलिंपिक सामने जपानची राजधानी टोकियो येथे भरावयाचे. माउईच्या मजुरांच्या झोपड्यांत ही बातमी पोचली तेव्हा आईबापांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करता येते. ज्या देशातून आपण पोटासाठी निघालो त्या देशात आपल्या मुलांनी, नव्या देशाच्या वतीने, मान उंच करून उतरावे!

आणि १९३७ मध्ये साकामोटो मास्तरांनी आपल्या पाटातल्या मुलांना एकत्र बसवून एक संघ काढला. त्याचे नाव त्यांनी तीन वर्षांचा पोहण्याचा संघ असेच ठेवले. जो येईल त्याने तीन वर्षे एकनिष्ठेने राबावयाचे, आणि तीन वर्षांच्या शेवटी टोकियो. पायांत जोडा नसलेल्या, गढूळ पाण्यात वाढलेल्या पोरांपुढे त्यांनी ठेवलेले ध्येय हे असे होते.

मी स्वतः शिक्षक आहे, आणि येथे थबकतो. मुलांना इतके मोठे आश्वासन देण्याचा अधिकार शिक्षकास आहे काय? मूल विश्वास ठेवते. तो त्याचा स्वभावच आहे. आपण दाखविलेली वाट पुढे बंद निघाली, तर त्या विश्वासाचे काय करावयाचे? सावध शिक्षक जिल्ह्याच्या सामन्यांपुरते बोलला असता आणि कुणीही त्यास नावे ठेविली नसती. साकामोटोंनी सावधपणा बाजूस ठेवला. त्यांचे चूक झाले की बरोबर, हा प्रश्न पुढील सर्व हकीकत वाचून झाल्यावरही माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

मुले मात्र राबली. शाळा, घरकाम, सुटीत मळ्यातील मजुरी, आणि या सर्वांच्या जोडीला पोहणे. पुढे वसाहतीतील तलाव सरावास मिळाला, तरी पाट सुटला नाही. शिस्त कडक होती. केवळ हात मारण्याची नव्हे, वागण्याबोलण्याचीही. मुलांबरोबर मुलीही होत्या, आणि त्या काळी, त्या समाजात, ही गोष्ट लहान नव्हती. या मेळाव्यातून हळूहळू काही नावे वर येऊ लागली. कियोशी नाकामा नावाचा एक मुलगा होता, ज्याला सारे कियो म्हणत. ताकाशी हिरोसे नावाचा दुसरा, ज्याचे लाडके नाव हॅलो. फुजिको कात्सुतानी नावाची मुलगी छातीवर पोहण्याच्या प्रकारात तरबेज होत होती. एका वर्षातच हिरोसेची निवड अमेरिकेच्या संघात झाली आणि १९३८ साली तो युरोपात, जर्मनीपर्यंत जाऊन शर्यती पोहून आला. उसाच्या वसाहतीतला जपानी मजुराचा मुलगा, अमेरिकेची निशाणी अंगावर घालून, हिटलरच्या जर्मनीत! इतिहास कधी कधी असे विलक्षण प्रसंग घडवून आणतो.

परंतु त्याच उन्हाळ्यात आकाश भरून आले. जपानने चीनशी युद्ध आरंभिले होते आणि त्याची सारी शक्ती तिकडे लागली होती. जुलै १९३८ मध्ये जपानने ऑलिंपिकचे यजमानपद सोडून दिले. टोकियो गेले. सामने फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे होतील असे जाहीर झाले. स्थळ बदलले तरी सामने शिल्लक होते, म्हणून पाटातला सराव चालू राहिला.

१९३९ साली संघ अमेरिकेच्या राष्ट्रीय सामन्यांसाठी डेट्रॉइट शहरी गेला. माउईहून डेट्रॉइट म्हणजे आधी बोटीने महासागर ओलांडावयाचा आणि मग आगगाडीने अर्ध्याहून अधिक अमेरिका. शहरांतील मोठमोठ्या क्लबांचे, विद्यापीठांचे उंचेपुरे पोहणारे तेथे जमले होते. त्यांच्यासमोर ही अंगाने लहानखोर, उन्हाने रापलेली मुले उभी राहिली. सामन्यांचे गुण मोजले गेले तेव्हा सांघिक विजेतेपद माउईच्या मुलांकडे गेले होते. त्याच वर्षी फुजिको कात्सुतानी आपल्या प्रकारात स्त्रियांची राष्ट्रीय विजेती ठरली. जे पाणी केवळ उसासाठी डोंगर फोडून आणले होते, त्याने हे दुसरेच पीक दिले.

आनंद फार टिकला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. वर्ष संपण्यापूर्वी खुद्द फिनलंडवर रशियाचे सैन्य चालून गेले. १९४० चे ऑलिंपिक सामने रद्द झाले. ज्या तीन वर्षांसाठी संघ काढला होता ती तीन वर्षे पुरी झाली, मुलांनी आपल्या बाजूने शब्द पाळला, आणि जगाने आपला मोडला.

अशा वेळी संघ मोडला असता तर कुणास नवल वाटले नसते. नावातच तीन वर्षे होती आणि ती भरली होती. परंतु दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर पुन्हा काठावर होतेच, आणि मुलेही पाण्यात होती. १९४० साली राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा त्यांच्याकडे आले. १९४१ साली तिसऱ्यांदा आले. होनोलुलूचा एक धिप्पाड मुलगा, बिल स्मिथ, याच सुमारास माउईस येऊन मास्तरांच्या हाताखाली दाखल झाला. तो जपानी नव्हता. त्याच्या अंगात मूळच्या हवाई लोकांचे रक्त होते. थोड्याच अवधीत त्याने जागतिक विक्रम मोडावयास आरंभ केला. सामने नाहीत, पदके नाहीत, तरी पोहणे वेगवान होत चालले. मला या दोन वर्षांविषयी सर्वांत अधिक आदर वाटतो. डेट्रॉइटच्या विजयाहूनही अधिक.

७ डिसेंबर १९४१ रोजी, रविवारी सकाळी, जपानी विमानांनी हवाईतील पर्ल हार्बर या नाविक तळावर बाँब टाकले. एका सकाळीत माउईच्या वसाहतीतील प्रत्येक जपानी चेहरा शत्रूचा चेहरा ठरला. बेटांवर लष्करी कायदा पुकारला गेला, रात्री दिवे लावण्यास बंदी आली, किनाऱ्यांवर काटेरी तारा उभ्या राहिल्या. जपानी भाषेच्या शिक्षकांस आणि मंदिरांच्या पुजाऱ्यांस पकडून नेण्यात आले. मुख्य भूमीवर तर लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरदार सोडावयास लावून तारांच्या कुंपणात कोंडण्यात आले; त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक होते. ज्या मुलांनी काल अमेरिकेची विजयचिन्हे घरी आणली होती, त्यांना आज आपण अमेरिकन आहो हे पुन्हा सिद्ध करावे लागणार होते.

त्यांनी ते सिद्धही केले, आणि त्याची किंमत मोजली. जपानी वंशाच्या तरुणांची एक स्वतंत्र पलटण उभारली गेली. ४४२ क्रमांकाची ही पलटण इटली आणि फ्रान्समध्ये लढली आणि तिच्या आकाराच्या मानाने अमेरिकेच्या सैन्यात सर्वांत अधिक पदके मिळविणाऱ्या तुकड्यांत गणली गेली. हॅलो हिरोसे तिच्यात होता. खंदकातील चिखलापाण्याने आणि थंडीने त्याचे पाय निकामी होण्याची वेळ आली. जे पाय पाटाच्या पाण्यात मास्तरांनी घडविले ते खंदकाच्या पाण्यात सडू लागले. सुदैवाने तो त्यातून बरा झाला, ओहायोच्या विद्यापीठात गेला आणि तेथे पुन्हा पोहला व जिंकला. कियो नाकामाही त्याच विद्यापीठात शिकला आणि तेथील पोहणाऱ्यांचा नायक झाला. १९४४ चे ऑलिंपिकही भरले नाही. एका मागोमाग दोन ऑलिंपिक युद्धाने गिळले, आणि पोहणाऱ्याच्या अंगातील वेगाची वर्षे काही कुणासाठी थांबत नाहीत.

अखेर १९४८ साली लंडनला सामने भरले. आपल्याला ते वर्ष हॉकीसाठी आठवते. स्वतंत्र भारताने पहिले सुवर्णपदक तेथेच जिंकले, आणि त्या संघाचे कर्णधार किशनलाल हे तर आपल्या शेजारच्या महूचे. त्याच लंडनमध्ये वेंब्लीच्या तलावात बिल स्मिथ चारशे मीटरच्या शर्यतीस उभा राहिला. चार मिनिटे एक्केचाळीस सेकंदांत त्याने अंतर काटले. ऑलिंपिकचा तो नवा उच्चांक होता. पुढे चौघांच्या सांघिक शर्यतीतही त्याने दुसरे सुवर्णपदक घेतले. संघ काढल्याला अकरा वर्षे झाली होती. साकामोटो मास्तरांचा मुलगा ऑलिंपिकमध्ये जिंकला होता. परंतु तो अगदी शेवटी आलेला मुलगा होता. ज्यांनी १९३७ साली पाटाच्या काठी बसून पहिल्यांदा शब्द दिला, ते नाकामा, हिरोसे, फुजिको आणि त्यांचे सोबती, यांपैकी कुणाच्याही वाट्यास ऑलिंपिकचे पाणी आले नाही.

यानंतरच्या वर्षांविषयी थोडक्यात सांगतो. युद्धानंतर साकामोटो होनोलुलूस गेले आणि तेथील हवाई विद्यापीठात पोहण्याचे शिक्षक झाले. पाट मागे राहिला, चांगले तलाव मिळाले, नावलौकिक वाढला. १९५२ चे ऑलिंपिक भरले ते हेलसिंकीस, म्हणजे बारा वर्षांपूर्वी ज्या गावी मुलांना न्यावयाचे राहून गेले तेथेच. त्या वेळी त्यांचा शिष्य बिल वूल्झी सांघिक शर्यतीतील सुवर्णपदक घेऊन आला आणि त्यांची शिष्या इव्हलिन कावामोटो हिने दोन कांस्यपदके मिळविली. १९६६ साली जागतिक पोहण्याच्या सन्मानमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले. जुने विद्यार्थी आजोबा झाले, तरी त्यांना हाक मारताना गुरुजी या अर्थाचा तोच एक शब्द वापरीत. नावाने कुणी हाक मारीत नसे.

कियो नाकामाचे मात्र सांगितलेच पाहिजे. विद्यापीठातून परतल्यावर तोही शिक्षक झाला आणि मुलांस पोहावयास शिकवू लागला. ऑलिंपिकचे वय केव्हाच उलटले होते. हवाईतील मोलोकाई आणि ओआहू या बेटांमध्ये एक खाडी आहे. खाडी म्हणण्यापुरतीच, वस्तुतः तो उघडा महासागर आहे, सत्तावीस मैल रुंद, उसळत्या लाटांचा, शार्कमाशांचा. ती कुणी पोहून पार केल्याची नोंद नव्हती. सप्टेंबर १९६१ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, नाकामा मोलोकाईच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरला. तीन वर्षांपूर्वीच, १९५८ साली, आपल्या मिहिर सेन यांनी इंग्लिश खाडी ओलांडून भारतास असाच आनंद दिला होता, त्यामुळे अशा पोहण्याला काय लागते याची वाचकांस कल्पना असेल. येथील अंतर तर इंग्लिश खाडीहूनही अधिक. प्रवाह आडवे येत होते, मागे ओढीत होते. हात थांबला की मिळविलेले अंतर जात होते. असल्या पाण्याशी नाकामाची ओळख लहानपणापासूनची होती. साडेपंधरा तासांनी त्याचे पाय ओआहूच्या वाळूस लागले.

साकामोटो मास्तर नव्वदी गाठून १९९७ साली वारले. पुउनेनेचा साखर कारखाना त्यानंतर एकोणीस वर्षे चालला. २०१६ च्या अखेरीस त्याचे धुराडे थंड झाले आणि सबंध हवाई बेटांतला तो शेवटचा साखर कारखानाही बंद पडला. त्याबरोबर मैदानातला ऊसही गेला. माउईवरच्याच वाइलुकू गावी सार्वजनिक तलाव आहे, त्यास मास्तरांचे नाव देण्यात आले आहे. त्या तलावाचे पाणी निळे, स्वच्छ आहे, तळाच्या रेघा वरून दिसतात. आणि त्या पाण्यास ओढ मात्र नाही.